मेंदूतली पाण्याची गाठ स्कॅनवर पाण्यासारखी का दिसत नाही?

ओंजळ | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४२

नमस्कार. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिलाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या दादाचं डोकं चार-पाच महिने दुखत होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याची हनुवटी एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात टेकवायला लावली आणि ठिपका चमकला की बटण दाब म्हणाल्या. छापून आलेल्या कागदावर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी होती. "हा चष्म्याचा प्रश्न नाही, लगेच एमआरआय करून घ्या," एवढंच त्या बोलल्या.

पिट्युटरी ग्रंथीच्या वर, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे, अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये ‘सिस्टिक’ लिहिलंय. म्हणजे आत पाणी, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण पुढे ‘सिग्नल असामान्य’ असं आहे आणि शेवटी तीन वेगवेगळ्या आजारांची नावं प्रश्नचिन्ह लावून दिली आहेत.

काल रात्री ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून बसले होते. मेंदूच्या पोकळ्यांमधलं नेहमीचं पाणी एका फिल्मवर काळंभोर आहे. तिथेच दादाची गाठ मात्र पांढरीफटक. दुसऱ्या फिल्मवर पोकळ्या पांढऱ्या आणि गाठ अर्धी पांढरी, अर्धी करडी. मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. सगळ्यात विचित्र म्हणजे बाजूने घेतलेल्या चित्रात ती रेघ उभी आहे! दोन थर असतील तर पातळी आडवी असायला हवी ना? हे पाणीच आहे का? आणि पांढरं म्हणजे वाईट का? सर्जनकडे सोमवारी जायचंय, तोवर डोकं शांत राहत नाहीये.

चुंबकघर | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

ओंजळताई, सोळा वर्षं एमआरआयच्या कन्सोलवर बसतोय, म्हणून रेघेचं आधी सांगतो. तुमचा दादा मशीनमध्ये उताणा झोपला होता. त्यामुळे ‘खाली’ म्हणजे डोक्याची मागची बाजू. जड भाग तिकडे साचला, हलका कपाळाच्या बाजूला राहिला. फिल्म मात्र आपण माणूस उभा असल्यासारखी बघतो, म्हणून ती पातळी उभी दिसते. फिल्म नव्वद अंशात फिरवा, दादाचं तोंड छताकडे येईल अशी. रेघ आडवी होईल.

आत पातळ पदार्थच आहे याचा तो चांगला पुरावा. घट्ट मांसात अशी सरळ पातळी तयार होत नाही.

ओंजळ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३१

फिरवून बघितली. खरंच आडवी झाली. करडा थर खाली आलाय, मागच्या बाजूला. दोन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी समजलं. मनापासून आभार.

क्षकिरण | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मेंदूचेच स्कॅन जास्त वाचते. फिल्म न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

एमआरआयमधला रंग हा गाठीचा रंग नसतो. मशीन शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी ढकलतं आणि ती पूर्ववत व्हायला किती वेळ घेतात ते मोजतं. शुद्ध पाण्याचे रेणू फार वेगाने गिरक्या घेतात, त्यांना मिळालेली ऊर्जा सोडायला खूप वेळ लागतो. म्हणून टी-वन नावाच्या चित्रात पाणी काळं आणि टी-टू चित्रात पांढरं दिसतं. मेंदूभोवतीचं पाणी असंच असतं, कारण त्यात प्रथिनं अगदी नावाला असतात, १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम.

गाठीतलं पाणी तसं नसतं. तिथे प्रथिनं हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतात. प्रथिनांच्या मोठ्या रेणूंना पाण्याचे रेणू चिकटतात, त्यांचा वेग मंदावतो आणि ऊर्जा झटकन सुटते. झालं, टी-वनवर तेच पाणी पांढरं! प्रथिनं आणखी वाढली, द्राव डिंकासारखा दाटला, की टी-टूवरचा पांढरेपणा जायला लागतो. अगदी घट्ट झालेला द्राव शेवटी दोन्ही चित्रांत काळा पडू शकतो, जणू तिथे काहीच नाही. एकच पुटी (सिस्ट), आतला द्राव किती दाट यावर तिचे चार चेहरे.

दुसरं कारण रक्त. जुन्या रक्तस्रावातलं हिमोग्लोबिन काही दिवसांनी मेथहिमोग्लोबिन होतं आणि तेही टी-वनवर पांढरं दिसतं. रक्तपेशी तळाला बसल्या की ती पातळी तयार होते. तिसरं कारण चरबी. तीही टी-वनवर पांढरी, पण तिचा सिग्नल मुद्दाम दाबून टाकणारं वेगळं चित्र घेता येतं. त्यात पांढरं काळं झालं तर चरबी, पांढरंच राहिलं तर प्रथिनं किंवा रक्त.

तेव्हा पांढरं म्हणजे वाईट असं अजिबात नाही. पांढरं म्हणजे साधं पाणी नव्हे, इतकंच.

तिसरी_घंटा | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

मग रंगावरून आजार कळतच नसेल तर तीन नावं कशी लिहिली? आणि त्यातलं एक कसं ठरवणार?

क्षकिरण | ५ फेब्रुवारी, दुपारी २:१०

जागेवरून, भिंतीवरून आणि शेजाऱ्यांवरून. रंग हा बराच खालचा पुरावा.

ओंजळताईंनी नावं दिली नाहीत, पण त्या जागी पांढरी पुटी आणि आत पातळी म्हटल्यावर माझ्या मनात तीन येतात. पहिलं, पिट्युटरीच्याच साध्या गाठीत झालेला रक्तस्राव. दुसरं, राथकेची पुटी. ही गर्भावस्थेतल्या एका पिशवीचा राहून गेलेला तुकडा असते, ट्यूमर नव्हेच. तिसरं, क्रेनिओफॅरिंजिओमा. तोही गर्भावस्थेतल्या उरलेल्या पेशींपासूनच होतो, पण वाढतो आणि आजूबाजूला चिकटतो.

आता बघायचं असं: पिट्युटरी ग्रंथी गाठीखाली वेगळी, शाबूत दिसते का? दिसत असेल तर गाठ ग्रंथीची नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर भिंत उजळते का, कुठे जाड भाग आहे का? राथकेच्या पुटीची भिंत सहसा पातळ आणि शांत असते. कधी आत एक छोटा गोळा असतो, टी-वनवर पांढरा, पण कॉन्ट्रास्ट न घेणारा. आणि भिंतीत कॅल्शियम आहे का? हे शेवटचं एमआरआय नीट सांगत नाही, त्यासाठी साधा सीटी लागतो. क्रेनिओफॅरिंजिओमाच्या ज्या प्रकारात मोठ्या पुटी होतात त्यात कॅल्शियम फार सर्रास सापडतं. ताई, सीटी झालाय का?

ओंजळ | ५ फेब्रुवारी, दुपारी २:२६

नाही. ती तीनच नावं आहेत, अगदी तीच! सोमवारी विचारते.

पाणकणीस | ५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. मला खाली वाकलं की डोकं फुटायला यायचं आणि सरळ झालो की जायचं. सीटीत मेंदूच्या मधोमध, तिसऱ्या पोकळीच्या तोंडाशी, एक छोटा पांढरा गोल दिसला. कोलॉइड सिस्ट, म्हणजे दाट चिकट द्रावाची पुटी. मग एमआरआय केला, तर तिथे गाठ जवळपास दिसेचना! मेंदूसारखाच करडा रंग. घरचे म्हणाले, बघ, काही नाहीये, पहिलं मशीन चुकलं. मलाही तेच ऐकायचं होतं.

ज्या डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले त्यांनी माझा जीव वाचवला असं मी मानतो. द्राव इतका घट्ट झाला होता की एमआरआयवर तो मेंदूत मिसळून गेला होता. ती एवढीशी गोळी पाण्याचा रस्ता अचानक बंद करू शकते, वाट बघायची नाही, असं त्यांनी बजावलं. ओंजळताई, कुणी ‘एकाच स्कॅनवर भागेल’ म्हणालं तरी दुसरा का हवा हे जरूर विचारा.

क्षकिरण | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पाणकणीस, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. सीटी फक्त घनता मोजतो. पाणी ०, चरबी उणे १०० च्या आसपास, हवा उणे १०००, ताजं गोठलेलं रक्त साधारण ६० ते ८०. दाट कोलॉइड मेंदूपेक्षा घन, म्हणून सीटीवर पांढरं. सीटीवर जितकं पांढरं तितकं आतलं द्रव्य चिवट, आणि सुईने ओढून काढणं तितकं अवघड, असा सर्जन लोकांचा अनुभव.

या आकड्यांना ज्यांचं नाव दिलंय त्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. संशय मेंदूच्या पुढच्या भागातल्या गाठीचा होता आणि ती चित्रात दिसली. त्याआधी कवटी न उघडता मेंदूतली गाठ अशी थेट दिसत नव्हती. मी रोज हे काम करते आणि तरी दर वेळी या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

मृदा | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:०४

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी छोट्या मेंदूत गाठ निघाली होती. मोठी पाण्याची पिशवी आणि तिच्या एका भिंतीला चिकटलेला वाटाण्याएवढा गोळा. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो गोळा दिव्यासारखा पेटला. रिपोर्टमध्ये ‘इंटेन्स एनहान्समेंट’ वाचून मी कोसळले. इतकं उजळतंय म्हणजे कॅन्सर भयंकर असणार असंच वाटलं. निघाला पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड १. आज ती तेरा वर्षांची आहे. पण तो गोळा एवढा का उजळला होता हे मला कुणी समजावलं नाही.

शस्त्रक | ६ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मृदाताई, मी न्यूरोसर्जन आहे. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम रक्तातून फिरतं. मेंदूच्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की ते बाहेर पडू शकत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतील तर ते बाहेर झिरपतं आणि ती जागा उजळते. म्हणजे उजळणं हे गळतीचं लक्षण, दुष्टपणाचं नव्हे. पायलोसायटिक ही संथ वाढणारी गाठ, पण तिच्या वाहिन्या फार गळक्या. याउलट काही गंभीर गाठी सुरुवातीला अजिबात उजळत नाहीत.

पिशवीसुद्धा त्याच गळतीतून होते. मोठ्या माणसांत छोट्या मेंदूत हिमँजिओब्लास्टोमा नावाची गाठ होते. गोळा बारीक, पाण्याची पिशवी मोठी. गोळ्यातून झिरपलेला रक्ताचा द्रव साचत जातो आणि मेंदू बाजूला सरकतो. त्या पिशवीची भिंत दाबलेल्या मेंदूची असते, ट्यूमरची नसते. गोळा पूर्ण काढला की पिशवी आपोआप आटते. म्हणून भिंत उजळते की नाही हे मी ऑपरेशनआधी अगदी निरखून बघतो. न उजळणाऱ्या भिंतीला सहसा हात लावत नाही.

तिसरी_घंटा | ६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

माझ्या मामांच्या वेळी ‘पू आहे की कॅन्सर’ यावरच दोन दिवस गेले होते. कडा उजळलेली, मधे काळं. ते कसं ओळखतात?

क्षकिरण | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

डिफ्यूजन नावाच्या चित्रावरून. पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते त्यात कळतं. पू चिकट, पेशींनी भरलेला. रेणू अडकून पडतात आणि तो भाग झगझगीत पांढरा दिसतो. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या मधल्या मेलेल्या भागातला द्राव बहुतेक वेळा पातळ असतो, रेणू मोकळे, म्हणून काळा. अपवाद दोन्हीकडे आहेत. जुना किंवा औषधं चालू असलेला पू तितका चमकत नाही, आणि गाठीत रक्त झालं असेल तर ती फसवते. म्हणून कधी कधी दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस घरच्यांसाठी किती लांब असतात हे मला माहीत आहे.

डिफ्यूजनचा आणखी एक उपयोग सांगते, मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो. एपिडरमॉइड सिस्ट टी-वन आणि टी-टूवर हुबेहूब मेंदूभोवतीच्या पाण्यासारखी दिसते. खरं तर ती आतून कातडीच्या पापुद्र्यांनी भरलेली असते. डिफ्यूजनवर ती लख्ख उजळते, आणि साध्या पाण्याने भरलेली अरॅक्नॉइड सिस्ट काळीच राहते. पण याच एपिडरमॉइडचा एक दुर्मीळ प्रकार आहे, प्रथिनांनी दाटलेला. तो सीटीवर पांढरा, टी-वनवर पांढरा, टी-टूवर काळा. पुस्तकातल्या वर्णनाच्या बरोबर उलट! तो पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा मी रक्तस्राव लिहून बसले होते. वरिष्ठांनी थांबवलं.

चुंबकघर | ६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

तंत्राच्या बाजूने थोडी भर. फ्लेअर या चित्रात साधं पाणी मुद्दाम काळं केलं जातं. त्याची वेळ साध्या पाण्याला जुळवलेली असते, म्हणून प्रथिनं मिसळली की पाणी काळं व्हायचं राहतं. पण लहान मुलांना भूल देऊन ऑक्सिजन लावलेला असेल तर मेंदूभोवतीचं चांगलं पाणीही फ्लेअरवर उजळू शकतं. तेव्हा मी फॉर्मवर ‘भूल, ऑक्सिजन’ असं मोठ्या अक्षरांत लिहितो. वाचणाऱ्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

ओंजळ | १० फेब्रुवारी, सायंकाळी ७:३०

सीटी झाला. मी विचारायच्या आधीच सर्जननी स्वतःहून सांगितला. गाठीच्या भिंतीत अंड्याच्या कवचासारखी पातळ पांढरी कड आहे आणि एका जागी खडा. पिट्युटरी खाली वेगळी, चपटी झालेली दिसते. क्रेनिओफॅरिंजिओमाच धरून चाललेत. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन, पुढच्या आठवड्यात. सगळी हार्मोन्स तपासली. कॉर्टिसोल कमी आहे, त्याच्या गोळ्या आजपासूनच सुरू.

शस्त्रक | १० फेब्रुवारी, रात्री ८:४५

गोळ्या आधी सुरू केल्या हे अगदी योग्य. ऑपरेशननंतर तहान आणि लघवी खूप वाढली तर घाबरू नका, पण लगेच सांगा. पिट्युटरीच्या देठाला धक्का लागला की पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं. त्यावर औषध आहे. किती प्यायला आणि किती लघवी झाली, याची वही ठेवा.

ओंजळ | २१ फेब्रुवारी, दुपारी १:१०

दादा बरा आहे. डोळ्यांची बाहेरची बाजू परत दिसायला लागलीय. पलंगाच्या उजवीकडे उभ्या राहिलेल्या वहिनीला त्याने मान न वळवता हाक मारली, आणि आम्ही सगळे रडलो. तहान लागते खूप, औषध चालू आहे, वही मीच लिहिते.

सर्जननी सांगितलं, पिशवी उघडल्यावर आतून गाडीच्या जुन्या तेलासारखा तपकिरी-काळा द्राव आला, आणि दिव्याखाली त्यात अभ्रकासारखे कण चमकत होते. कोलेस्टेरॉलचे स्फटिक. मी लगेच विचारलं, म्हणून पांढरं दिसत होतं का? ते म्हणाले, वाटतं तसं, पण पांढरेपणा मुख्यतः प्रथिनांचा आणि जुन्या रक्ताचा. क्षकिरण, तुमचं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं! बायोप्सीचा रिपोर्टही क्रेनिओफॅरिंजिओमाच आला.

डोळ्यांच्या नसेला चिकटलेला छोटा तुकडा मुद्दाम ठेवलाय. पुढे रेडिएशन द्यायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, ते ठरेल.

मृदा | २१ फेब्रुवारी, दुपारी १:३२

हाक मारली ते वाचून माझेही डोळे भरले. काळजी घ्या सगळे.

ओंजळ | २६ फेब्रुवारी, रात्री ११:१८

कुणी जागं आहे का? ऑपरेशननंतरच्या एमआरआयची सीडी आज मिळाली, रिपोर्ट उद्या. टी-वनवर त्याच जागी, जरा खाली, पुन्हा पांढरंफटक काहीतरी आहे. आधीइतकंच पांढरं. इतक्या लवकर परत भरलं का?

चुंबकघर | २६ फेब्रुवारी, रात्री ११:३५

ताई, दादाच्या पोटावर किंवा मांडीवर छोटी चीर आहे का?

ओंजळ | २६ फेब्रुवारी, रात्री ११:३७

हो, बेंबीच्या बाजूला. चार टाके. कशाचे ते विचारायचं राहूनच गेलं.

चुंबकघर | २६ फेब्रुवारी, रात्री ११:४४

नाकाच्या बाजूने कवटीला पाडलेलं भोक बुजवायला बहुधा तिथली चरबी काढून भरली असणार. चरबी टी-वनवर पांढरीच दिसते. सीडीत ‘फॅट-सॅट’ किंवा ‘एफएस’ लिहिलेली मालिका असेल, ती उघडा आणि तीच जागा बघा. नक्की काय ते उद्या रिपोर्टमध्ये येईलच.

ओंजळ | २६ फेब्रुवारी, रात्री ११:५२

उघडली. तिथे ती जागा काळी आहे.